दुपारचं काम

जुन्या मारुती ८००चा डॅशबोर्ड उघडायचा असेल, तर मी गाडी दुपारी मागवतो. थंडीतल्या सकाळी तर हातच लावत नाही. मिस्त्रीला सकाळी जाग येत नसेल, असं गिऱ्हाइकांना वाटतं. वाटू दे.

या गाडीचं उत्पादन जानेवारी २०१४मध्ये थांबलं. म्हणजे सगळ्यात तरुण ८००नंही दहाच्या वर उन्हाळे काचेआड काढलेत. हीटरच्या सरकत्या दांड्यांवरचे नॉब असतात, तसल्या वस्तू बहुधा एबीएस प्लास्टिकच्या. त्यात रबराचे अतिसूक्ष्म कण असतात, चिवटपणा त्यांचाच. ऊन आणि हवा आधी त्या रबरालाच खातात. वरची पापडी ठिसूळ होते, आणि जोर लागला की तडा तिथून सुरू होऊन आत पळतो. काळं प्लास्टिक त्यातल्या काजळीमुळे जास्त तगतं, फिकट रंगाचं लवकर हरतं.

गंमत अशी, की ज्या उन्हानं ते मारलं त्याच उन्हात ते सुटतं. कोमट प्लास्टिक जरासं वाकतं, गार असलं की सरळ तुटतं. ढगाळ दिवशी केस वाळवायचं यंत्र चालतं, पण लांबून आणि हलवत. एबीएस शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं. नॉबचा आकार गेला की गेला.

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. नॉबभोवतीच्या पट्टीला कागदी टेप. मग माझं खरं हत्यार: पायजम्याची सुती नाडी. ती नॉबमागून घालायची, दोन्ही टोकं एका हातात धरायची आणि सरळ आपल्याकडे ओढायचं. जोर दोन्ही बाजूंना सारखा पडतो. स्क्रू ड्रायव्हर एकाच बाजूनं उचकतो, म्हणून बिचारा नॉब दांडीच्या खाचेपाशी चिरतो. पट्टीच्या कडेचे खटके काढायला आइस्क्रीमची लाकडी काडी. खटका कुठं आहे ते आधी बोटानं चाचपायचं. न दिसणाऱ्या गोष्टीवर जोर लावायचा नाही. अडलं तर थांबायचं, कारण जवळजवळ नेहमीच कुठंतरी एक स्क्रू राहिलेला असतो.

चिरलेला नॉब मी टाकत नाही. आतल्या नळीवर दोरा घट्ट गुंडाळून त्यावर झटपट डिंकाचा थेंब सोडतो. मात्र तो वाळेपर्यंत नॉब गाडीबाहेर ठेवायचा, नाहीतर वाफेनं शेजारच्या काचेवर पांढुरकी साय येते. ॲसिटोनचं बोट तर एबीएसला लावूच नये, ते विरघळतं.

हे सगळं मी एक नॉब मोडून शिकलो. उमेदवारीत, सकाळी आठला, स्क्रू ड्रायव्हरनं. उस्ताद काही बोलले नाहीत. फक्त कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे पिटाळलं. दिवसभर फिरून एक मिळाला, तोही काळा, गाडीतले करडे.

त्या गाडीचे मालक काका अजून सर्व्हिसिंगला येतात. हिरवट करड्या रांगेत तो काळा नॉब तसाच आहे. दरवेळी त्यावर बोट ठेवून विचारतात, "मिस्त्री, हा कधी बदलताय?"