धुळ्याच्या फळ्या

१७ एप्रिल २०२४, जळगाव

रामनवमी. परसातल्या डेकची कडेची फळी पायाखाली खचली. सासूबाई रोज तिथूनच तुळशीला पाणी घालायला जातात. दोरी बांधून वाट बंद केली.

१८ एप्रिल

ह्यांचं म्हणणं, सगळं उचलून टाका आणि पेव्हर ब्लॉक बसवा. दोन दिवसांचं काम, पुन्हा बघायला नको.

फळ्या धुळ्याच्या आहेत. आधी खाली काय झालंय ते बघू द्या म्हटलं.

२० एप्रिल

सकाळी ऊन चढायच्या आत टॉर्च घेऊन वाकून पाहिलं. खांबांवर मातीच्या नळ्या थेट वरपर्यंत. वाळवी. खांब निलगिरीचे, सरळ मातीत गाडलेले, वरून जळकं ऑइल फासलेलं. बांधून देणारा म्हणाला होता, ऑइल लावलं की वाळवी फिरकत नाही. आडवे दांडेही तसलेच. फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवलेली नाही. निंबाची पानं, मोहोर, निंबोळ्या, सगळं सांध्यांत अडकून कुजत गेलं.

फळीत पेचकस टोचून पाहिला. टोकाला मुठीपर्यंत आत गेला. मध्यावर नखाएवढी खूणही उठली नाही.

२१ एप्रिल

दुपारी पंख्याखाली सासूबाई धुळ्याच्या घराबद्दल बोलल्या. मी लिहून घेतलं.

घर धाब्याचं, नंबराच्या गल्लीत. धुळ्याच्या जुन्या भागात अजून नंबरानेच पत्ता सांगतात. १८१८ला खानदेश इंग्रजांकडे गेला, ब्रिग्ज पोलिटिकल एजंट होऊन आला आणि त्यानं आखीव पेठ वसवली, हे शाळेतच कळलेलं. बाकी घराचं सगळं त्यांच्या तोंडून. सागाच्या तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर ह्या फळ्या, त्यावर पाला आणि वर खारी माती. पावसाळ्याआधी दरवर्षी नवी खारी चढवायची आणि चोपून बसवायची. खारी माती पाणी आत जाऊ देत नाही. उन्हाळ्यात कुरडया-पापड धाब्यावरच वाळायचे, रात्री अंथरुणंही तिथेच. साग डांगाकडचा, बैलगाडीनं आलेला, असं त्यांचे सासरे सांगत.

"खांब मातीमध्ये होते का?" मी विचारलं.

"मातीमध्ये कशाला? खाली दगड असायचा. खांब दगडावर उभा."

घर उतरवलं तेव्हा तुळया घनफुटाच्या भावानं वखारीत गेल्या. फळ्या तेवढ्या ह्यांनी टेम्पोत घालून इकडे आणल्या.

२३ एप्रिल

हनुमान जयंती. मिस्त्री आले. अमळनेरकडचे, आधी अहिराणीत बोलतात, मग आठवण झाली की मराठीत. फळी उचकटून दोन्ही बाजूंनी ठोकून पाहिली. कान लावून आवाज ऐकला.

"माटीमा गाडं, सडनं. लाकूडना काय दोस?"

ह्यांनी पेव्हरचा भाव विचारायचा आज राहूनच दिला.

२४ एप्रिल

गाडी फिरते, कर्ण्यावर उमेदवार ओरडतो. फळ्या काढायला उद्यापासून सुरुवात.

२६ एप्रिल

पहार, जंबूर, हातोडा. पहार एकदम जोर देऊन घालायची नाही, फळी लांबीत चिरते. आधी दांड्याशी सैल करायची, मग खिळा खालून ठोकून वर काढायचा. सकाळी अकराला थांबलो, लोखंड हातात धरवेना.

खिळे दोन जातींचे. डेकचे बारीक, तारेचे. आणि फळ्यांत मोडून राहिलेले जुने, लोहारानं घडवलेले, चौकोनी, जाड डोक्याचे. धुळ्याच्या कड्यांना हेच धरून होते. मिस्त्रींनी प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवलं. एक जरी आत राहिला तर रंध्याचं पातं गेलं.

खालून एक विंचू निघाला. सापसुरळ्या तर कितीतरी. एवढ्या उन्हात खालची माती मात्र ओलसर.

२७ एप्रिल

फळ्या उलट्या करून उन्हात मांडल्या. सगळ्यांच्या खालच्या अंगाला गडद पट्टे, मध्ये ठरावीक अंतरावर फिकट पट्टे. गडद ते धुराचं. फिकट, जिथे कडी टेकलेली होती.

सासूबाईंना खुर्ची आणून दिली. बराच वेळ बघत बसल्या. मग दोन फळ्यांवर काठी टेकवली.

"ह्या सैपाकघरातल्या."

खरंच, त्या दोनच तव्याच्या पाठीसारख्या काळ्या होत्या. बाकीच्या फक्त तपकिरी.

२८ एप्रिल

वेगवेगळे ढीग केले. गाभ्याचं लाकूड घट्ट, सोनेरी तपकिरी, रंधा फिरला की चामड्यासारखा वास. सालीकडचा पांढरा भाग मात्र भुगा झालेला. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, वाळवीला ते सोसत नाही. पांढऱ्या भागात ते नसल्यातच जमा. म्हणून जुने सुतार पांढरं तासून टाकत. डेकवाल्यानं फळी रुंद भरावी म्हणून जोडफळीला नवं पांढरं लाकूड लावलं होतं. कीड तिथूनच शिरली.

१ मे

शेजारच्या काकू आल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावर मांडे करायचे आहेत, चुलीला लाकूड हवं. निलगिरीचे खांब न्यायला निघाल्या होत्या.

नाही दिले. वाईट वाटलं त्यांना. पण गाडीतून निघालेलं जळकं ऑइल त्यात वर्षानुवर्षं मुरलंय. धूर डोळ्यांत, छातीत आणि मांड्यांवर. पऱ्हाट्या आणि बाभळीचा भारा मी मागवून देते म्हटलं. हे खांब भाजीच्या वाफ्याला कड म्हणूनही घालायचे नाहीत, मातीत उतरतं ते.

वेगळे बांधून ठेवले. घंटागाडीवाल्याला आधीच सांगून ठेवलं, हे कुणाला जाळायला देऊ नका.

४ मे

लेकीचा पुण्याहून फोन. ९ तारखेला रात्रीच्या गाडीनं निघते. "झोका बांधलाय का?"

मिस्त्रींना विचारलं. सैपाकघरातली एक फळी मागितली त्यांनी.

६ मे

फळी कापली. टोकं गेली, मधली चार फूट उरली. वरचं अंग रंधून गुळगुळीत, कडा गोल. खालचं अंग तसंच ठेवा म्हटलं, धूर राहू दे. भोकं टोकापासून चांगली आत पाडली, नाहीतर रेषेत फुटते. अळशीचं तेल दोनदा.

ह्यांनी स्वतः फांदी पाहिली. दोराखाली गोणपाट गुंडाळा म्हणाले, निंबाची साल सोलते.

८ मे

उरलेल्या फळ्यांचा बाक. खाली काळे दगड, दगडावर पाय, फळ्यांमध्ये बोटभर फट. पाणी पडलं की निघून जाईल, वारा खालून फिरेल. मिस्त्रींनी मजुरी रोजाच्या हिशेबानं घेतली. नव्या सागाच्या बाकाला लागते त्याहून पुष्कळच कमी खर्च.

१० मे

आखाजी. घागर भरली, वर डांगर ठेवलं. मांडे, आमरस. लेक आणि गल्लीतल्या माहेरवाशिणी उन्हं कलल्यावर झोक्यावर. सासूबाईंनीही एकदा बसून पाहिलं. कुणी ढकलायचं नाही, ही त्यांची अट.

१३ मे

मतदान करून आलो. रांग मोठी, ऊन त्याहून मोठं.

पेव्हरवाल्याला नको म्हणून कळवलं, ह्यांनीच. डेकची जागा मोकळी माती राहणार, पावसाचं पाणी निंबाच्या मुळांना जाऊ दे.

१५ मे

धुळ्याला दिरांना फोन केला. त्यांच्या गल्लीतला आणखी एक वाडा पावसाळ्याआधी उतरवणार आहेत. म्हटलं, मालकांना जाऊन सांगा, वखारवाला येण्याआधी फळ्या उलट्या करून बघा, घडीव खिळे काढून घ्या, सावलीत विटांवर रचा. आणि काहीही बांधलं तरी लाकूड मातीला टेकू देऊ नका.