एक बिंदू, अख्खी बाजू

असमानतेच्या आलेखातली बाजू रंगवायची वेळ आली की अकरावीची मुलं न थांबता लिहितात, ‘(०, ०) घेऊ.’ उत्तर बरोबर येतं, गुणही मिळतात. शिकवताना मला मात्र तिथेच रेंगाळायला आवडतं. रेषेच्या एका बाजूला असंख्य बिंदू आहेत. त्यांतला एकच तपासून सगळ्यांचा निकाल कसा काय लावता येतो?

२क्ष + ३य ≤ १२ घ्या. य ला २ वर स्थिर ठेवून क्ष ला १, २, ३, ४ असं पुढे न्या. डावी बाजू ८, १०, १२, १४ होत जाते. पावलं कितीही बारीक टाका, ८ कडून १४ कडे सलग जाताना १२ चुकवता येत नाही. आणि जिथे नेमके १२ येतात ती जागा म्हणजेच रेषा, इथे (३, २). रेषा ओलांडल्याशिवाय ‘हो’चं ‘नाही’ होऊच शकत नाही. म्हणून एका बिंदूची साक्ष अख्ख्या बाजूला पुरते. हे ज्याला उमगलं त्याला नियम पाठ करावा लागत नाही. क्ष ≥ २य मध्ये (०, ०) का चालत नाही, हेही तो स्वतःच सांगतो: तो बिंदू रेषेवरच बसलाय, बाजूबद्दल काय बोलणार? तिथे (१, ०) घ्यावा.

किंमत ठेवायची ती मूळ असमानतेत, हा माझा आग्रह. ३क्ष − २य < ६ मधून य वेगळा काढताना ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटतं, आणि घाईत ते हमखास राहून जातं. मूळ असमानतेत (०, ०) ठेवला की ० < ६, म्हणजे खरं. न उलटवलेल्या रूपात तोच बिंदू खोटा ठरतो. चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

किंमत ठेवून तपासणं आलेखापुरतंच नाही. १९४५ साली अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी ७७ खाद्यपदार्थांतून सर्वांत स्वस्त पोषक आहार शोधायला घेतला. प्रत्येक पदार्थाचं प्रमाण हे एक चल; ७७ चलांचा आलेख कोण काढणार? पण एखादा आहार पोषणाच्या सगळ्या अटी पाळतो का, हे किंमती ठेवून तिथेही तपासता येतं. तो सर्वांत स्वस्त आहे का, हा प्रश्न वेगळा आणि कितीतरी अवघड.

मुलांनो, बाजू रंगवून झाली की पलीकडचाही एक बिंदू घ्या आणि तो खोटा ठरतो ना, हे स्वतः पाहा.