मोअर बिगर

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरातला 'चेंज द डिग्री' आठवतोय का? 'मुंबई इज वन ऑफ द बिगेस्ट सिटीज इन इंडिया' याचं 'व्हेरी फ्यू सिटीज इन इंडिया आर ॲज बिग ॲज मुंबई' करायचं. साचा पाठ असला की मार्क हमखास. वाक्याचा अर्थ कळला नाही तरी चालायचं. ('व्हेरी फ्यू' आलं की पुढे 'ॲज... ॲज'. बास!) मी मराठी माध्यमातला, एबीसीडी थेट पाचवीत. त्यामुळे हे डिग्री प्रकरण येईपर्यंत आम्ही चांगले घोडे झालो होतो आणि सूत्र पाठ करून सुटलो.

२००० साली महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. त्यामुळे आता हीच गोष्ट सात-आठ वर्षांच्या पोरांसमोर येते, आणि या वयाला सूत्र चालत नाही. हे मला गेल्या दोन महिन्यांत नीट कळलं. कारण ताई सिडकोत जवळच राहते आणि तिची तिसरीतली मुलगी दर शनिवारी सकाळी वही घेऊन माझ्याकडे हजर असते. सोबत तिची मैत्रीण. ती दुसऱ्या शाळेत आहे, घरी उर्दू बोलतात. भाची मला मामा म्हणते, ही अंकल म्हणते.

तर भाचीच्या वहीत 'धिस डॉग इज मोअर बिगर' या वाक्यावर लाल फुली होती आणि खाली शेरा: 'इंग्लिश वीक'. फुली ठीक आहे, शेरा मात्र डोक्यात गेला. पोरगी तेव्हापासून इंग्रजीत तोंड उघडायला तयार नव्हती. 'मामा, माझं वीक आहे ना' असं इतकं सहज सांगायची, जणू रक्तगट सांगतेय.

आता जरा त्या वाक्याकडे बघू. मराठीत 'हा कुत्रा त्या कुत्र्यापेक्षा मोठा आहे' म्हणताना 'मोठा' हा शब्द जसाच्या तसा राहतो. सगळं काम 'पेक्षा' करतं, आणि ते चिकटतं दुसऱ्या कुत्र्याला. उर्दूत-हिंदीतही तेच, 'उससे बड़ा'. इंग्रजी मात्र 'दॅन' लावूनही थांबत नाही, विशेषणालाही शेपूट जोडायला लावते. म्हणजे मराठी पोराला हे दुसरं काम मुळातच फालतू वाटणार. ते शेपूट विसरणार, नाहीतर घाबरून 'मोअर' पण लावणार आणि 'अर' पण लावणार. तिला तुलना येत नाही असं नाहीच. तुलना तिला तीन वर्षांची असल्यापासून येते ('दादाला माझ्यापेक्षा मोठा लाडू दिला!'). येत नाही ती फक्त चिकटवाचिकटवी.

आणि दुहेरी तुलना म्हणाल तर शेक्सपिअरच्या काळात ती चालायची. 'ज्युलियस सीझर'मध्ये अँटनीच्या तोंडी असा दुहेरी सुपरलेटिव्ह आहे. त्याच्या वहीवर कुणी शेरा मारला नाही.

शेपटाची कल्पना आपल्याला अगदीच परकी आहे असंही नाही. लसावि-मसावि आठवा. लघुतम, महत्तम. संस्कृतातले 'तर' आणि 'तम' हे तसलेच प्रत्यय. फारसीतही 'तर' आहे, म्हणून उर्दूत बेहतर, बदतर. दुसरा एक प्रत्यय 'इष्ठ'. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, बलिष्ठ. हा 'इष्ठ' आणि इंग्रजीचा 'एस्ट' एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत! फक्त मराठीत आपण ते विसरून गेलो, म्हणून 'सर्वश्रेष्ठ' म्हणतो. 'श्रेष्ठ' म्हणजेच सगळ्यात चांगला, वर आणखी 'सर्व' कशाला? मोअर बिगरच की हे. तिसरीच्या मुलीला हे सगळं सांगायचं नसतं, पण मैत्रिणीने 'बेहतर' शब्द ऐकल्याबरोबर 'अंकल, बेटर जैसा!' म्हणून उडी मारली. (बेहतर आणि बेटरचं मूळ एक नाही, नुसता योगायोग आहे. पण तिची 'तर' ओळखायची नजर पक्की, म्हणून मी गप्प बसलो.)

मग 'अर' कुठे आणि 'मोअर' कुठे? लहान शब्दाला अर, लांब शब्दाला मोअर, असं सांगितलं जातं. इथे एक गंमत होते. आपली मुलं लांबी अक्षरांवर मोजतात. 'बिग' म्हणजे दोन अक्षरं, 'ब्यूटिफुल' म्हणजे चार. इंग्रजीचा हिशोब मात्र तोंड किती वेळा उघडतं यावर. त्याला सोपी युक्ती म्हणजे हनुवटीखाली हात धरायचा आणि शब्द सावकाश म्हणायचा. 'बिग'ला हनुवटी एकदा खाली येते, 'ब्यूटिफुल'ला तीनदा. एकदा आली तर अर, तीनदा किंवा जास्त आली तर मोअर. दोनदावाले घोळ घालतात (हॅपीचं हॅपीअर, पण केअरफुलचं मोअर केअरफुल), ते एकेक करून तोंडात बसवायचे. दोघी अर्धा तास हनुवटीला हात लावून 'एलिफंट', 'चपाती', 'छत्रपती संभाजीनगर' मोजत होत्या. गुड-बेटर-बेस्टला मात्र नियम नाही. इंग्रजांची मुलंही आधी 'गुडर' म्हणतात. आपली नाही का 'मी करलं' म्हणत? 'केलं' नंतर येतं, आपोआप.

इथपर्यंत मजेत चाललं होतं. मग मी बाजारातून आणलेलं एक वर्कबुक काढलं. त्यात चार मुलांचं चित्र आणि खाली रिकाम्या जागा: टॉलेस्ट, शॉर्टेस्ट, थिनेस्ट, फॅटेस्ट. पुढे सूचना, 'आता तुमच्या मित्रमैत्रिणींची नावं लिहा.' भाची पेन्सिल तोंडात धरून विचार करत होती. मैत्रिणीने तिची वही ओढली, 'फॅटेस्ट'पुढे स्वतःचं नाव लिहिलं आणि वही परत सरकवली. हसत हसत. कुणीतरी लिहिणारच आहे तर आपणच लिहून मोकळं व्हावं, हा हिशोब आठ वर्षांच्या मुलीचा.

'तर' आणि 'तम' जोडून मराठीत एक शब्द झालाय, तारतम्य. वर्कबुक काढणाऱ्यांकडे पहिले दोन होते.

मी ते पान बंद केलं आणि स्वयंपाकघरातून आईचा स्टीलच्या डब्यांचा सेट आणला, एकात एक बसणारे पाच डबे. ओळीने मांडले. 'विच इज द बिगेस्ट?' दोघींनी एका सुरात दाखवला. तेवढ्यात आईला कणकेसाठी डबा हवा होता, ती मोठा डबा उचलून घेऊन गेली. मी परत विचारलं, 'विच इज द बिगेस्ट?' दोघी गप्प. मग मैत्रीण म्हणाली, "अंकल, ये तो अभी सेकंड था!"

बरोबर. आम्ही प्रोग्रामर लोक 'मॅक्स' काढताना आधी यादी देतो. यादीशिवाय मॅक्सला काही अर्थ नसतो. मराठीतही 'सर्वांत' म्हणजे 'सर्वांमध्ये', यादी शब्दातच आहे. इंग्रजीत 'एस्ट' विशेषणाला चिकटतं, म्हणून तो गुण त्या डब्याचाच वाटायला लागतो. डबा तेवढाच होता, ओळ बदलली. मग दोघींनी ओळीत मिठाची बरणी आणली, कुकर आणला, शेवटी माझा लॅपटॉप. दर वेळी नवा बिगेस्ट, नवा स्मॉलेस्ट. भाची तासभर इंग्रजीत बोलत होती आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही.

रविवारी त्यांना स्कूटरवर गावात फिरवलं. भडकल गेट मलिक अंबरने १६१२ साली बांधलं, दिल्ली गेट त्यानंतर औरंगजेबाच्या काळातलं. म्हणजे 'भडकल गेट इज ओल्डर'. शेवटी बीबी का मकबरा. हा बिचारा जन्मापासून ताजमहालाच्या पेक्षात अडकलाय. येणारा प्रत्येक पाहुणा 'ताजपेक्षा लहान आहे नाही?' म्हणतो आणि निघतो. मी मुद्दाम 'विच इज बिगर' विचारलं नाही. पण भाचीनेच सुरू केलं: "द ताज इज बिगर." थोडं थांबून, हनुवटीखाली हात धरून, "मकबरा इज... निअरर."

'निअरर' शब्द आहे का, हे तिने दोनदा विचारलं. आहे, म्हटलं. पुढच्या शनिवारी 'लेस' आणि 'ॲज... ॲज' घ्यायचंय. तोवर आईला डबे परत हवेत. एकाचं झाकण सापडत नाहीये.