माशाचा वास

जयपुरात सिविल लाइंसमधल्या आमच्या घरामागच्या जुन्या हौदातलं पाणी मी ग्लासात घेतलं, तर त्यात टुणटुण उडणारे ठिपके दिसले. पाण्यातल्या पिसवा. डॅफ्निया त्यांच्यातलीच. टेबलावर डॅफ्नियावरच्याच एका लेखाचा अनुवाद अडून पडला होता.

मासा नजरेनं शिकार करतो, मोठी पिसू आधी टिपतो. म्हणून पाण्याला माशाचा वास लागला की डॅफ्निया लहान अंगानंच लवकर वयात येते आणि बारीक बारीक पुष्कळ पिलं देते. काओबोरस या डासासारख्या किड्याची अळी मात्र छोट्यांनाच धरू शकते. तिचा वास आला तर आधी वाढायचं, पिलं मागाहून. शिकारी समोर लागतोच असं नाही, तो राहून गेलेलं पाणीही पुरतं.

अडलं होतं ते 'स्ट्रॅटेजी'पाशी. 'डावपेच' लिहिलं आणि खोडलं. डाव टाकायला खेळणारं कुणी हवं. इथे फक्त जे खाल्ले गेले नाहीत, त्यांची रीत मागे उरली.

आजी आठवली. पंधराव्या वर्षी लग्न, विशीच्या आत तीन मुलं. त्यातली दोन देवीच्या साथीत गेली. "तेव्हा रीतच होती गं तशी," एवढंच ती म्हणायची.

आजी पिसू नव्हती. तिला काय हवं होतं, हे विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.

अनुवादात मी 'रीत' लिहिलं.