मूडआय

नाव पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मला वाटलं, कुणाच्या तरी आईबद्दल चाललंय. आमच्याकडे, कराडच्या पुढं, आईला आय म्हणतात. होस्टेलच्या जिन्यात एक जण दुसऱ्याला विचारत होता, ‘मूडआयला येणार का यंदा?’ आणि दुसरा म्हणाला, ‘पैसे नाहीत रे, पण येतो.’ आयला भेटायला पैसे कशाला लागतात, हा माझा पुढचा प्रश्न होता. तो मी विचारला नाही हे बरं झालं. मूड इंडिगोचं हे लाडकं नाव, आणि मूड इंडिगो म्हणजे आयआयटी मुंबईतला पोरांनी चालवलेला डिसेंबरातला महोत्सव, हे कळायला दोन दिवस गेले. तोवर ती माझ्या डोक्यात बाई होऊन बसली होती. अजून तशीच आहे.

बाई पन्नाशीच्या पुढची. स्वतःचा जन्म ती 1971 चा सांगते, म्हणजे 1958 साली सुरू झालेल्या आयआयटीपेक्षा तेरा वर्षांनी धाकटी. एरवी वर्षभर कुणाला दिसत नाही. सत्राच्या परीक्षा आटोपल्या, पवईच्या तळ्यावरून जेमतेम स्वेटर काढावा इतका गारवा यायला लागला, की ही तीन-चार दिवसांसाठी प्रकट होते. आल्याबरोबर सगळ्या आवाराची झोप उडवते, लाखाच्या घरात माणसं जमवते आणि मग एका सकाळी मागे पायदळी तुडवलेलं गवत ठेवून जाते.

नाव तिनं बाहेरून आणलं. ड्यूक एलिंग्टनची 1930 सालची ‘मूड इंडिगो’ ही जॅझची रचना. इंडिगो म्हणजे आपली नीळ. आजी धुण्याच्या शेवटच्या पाण्यात घालायची ती. थोडी जास्त पडली की आजोबांचं धोतर आकाशी व्हायचं आणि आजोबांचाही मूड इंडिगो व्हायचा. या रचनेत एलिंग्टननं एक खोडी केली होती. क्लॅरिनेट एरवी वरच्या पट्टीत गातं, ते त्यानं तळाला नेलं, आणि खाली घुमणाऱ्या ट्रॉम्बोनला, तोंडात बोळा कोंबून, वर ट्रम्पेटच्या शेजारी बसवलं. खालचे वर, वरचे खाली. हे वाचल्यावर मला नाव ठेवणाऱ्यांचं कौतुक वाटलं, कारण आमची बाईही नेमकी तशीच वागते. चार दिवस एकोणीस-वीस वर्षांची पोरं वर बसतात, आणि एरवी ज्यांच्यासमोर ती पोरं उभं राहायला घाबरतात ते प्राध्यापक खाली सह्यांपुरते उरतात.

नाव परदेशी असलं तरी मुंबईला अनोळखी नव्हतं. इथल्या हॉटेलांत 1930 नंतरच्या काळात जॅझ जोरात वाजत होता. वाजवणारे बरेचसे गोव्याचे होते. धोबी तलावाच्या कुडांमध्ये, म्हणजे गावागावाच्या त्या सामायिक खोल्यांमध्ये, ट्रंकेवर ट्रंक रचून राहायचे. रात्री हॉटेलात ट्रम्पेट, दिवसा हिंदी सिनेमाचं रेकॉर्डिंग. खुद्द एलिंग्टन 1963 साली आपला ताफा घेऊन मुंबईत वाजवून गेला होता. तेव्हा बाईचा जन्मही व्हायचा होता.

ज्यांनी फक्त आपल्याकडचं गॅदरिंग पाहिलंय त्यांना ही बाई कशी चालते हे चटकन कळत नाही. गॅदरिंगला प्राचार्यांची खुर्ची मधोमध असते, एक सांस्कृतिक विभागप्रमुख असतो, फिशपाँड आधी वाचून कोण देणार यावर वाद असतो, पैसे कॉलेजच्या खात्यातून येतात. मूडआयचं वळण गल्लीतल्या गणपती मंडळाचं आहे. पैसे मागून आणायचे. मंडळाचा पोरगा दारात उभा राहून ‘काका, पावती कितीची फाडू?’ म्हणतो. इथला पोरगा रूममेटचा इस्त्रीचा शर्ट घालून अंधेरीच्या कुठल्यातरी कंपनीत जातो, लॅपटॉप उघडतो, आणि मागच्या वर्षी किती लोक आले, त्यांतले किती अठरा ते चोवीस वयाचे होते, त्यांच्या डोळ्यांसमोर तुमचा फलक किती तास राहील, ते सांगतो. म्हणजे पावतीच फाडायची, जरा वळसा घेऊन. समोरचा मॅनेजर ‘कळवतो’ म्हणतो. पोरगा परत जातो. चौथ्या खेपेला मॅनेजर थोडा नरमतो. हा पोरगा अभियांत्रिकी शिकायला आलाय, आणि माझ्या मते जून ते डिसेंबर तो जे शिकतो ते त्याच्या गुणपत्रिकेवर कधी येत नाही. नंदन नीलेकणी विद्यार्थी असताना या बाईच्या दिमतीला होते. पुढं त्यांनी अख्ख्या देशाला आधारच्या रांगेत उभं केलं. रांग लावायची सवय इथलीच असणार.

मंडळासारखीच उतरंडही आहे. सगळ्यात वर एक-दोघं, त्यांच्याखाली एकेक खातं सांभाळणारे, त्यांच्याखाली कोऑर्डिनेटर, आणि तळाला पहिल्या वर्षाची पोरं. ती टी-शर्ट मिळाला म्हणून खूश असतात आणि चार दिवस ‘इकडून नाही, तिकडून’ एवढंच म्हणत उभी असतात. वॉकीटॉकी हातात असलेला पोरगा जिन्यावर बसल्या बसल्या झोपलाय, वॉकीटॉकी त्याच्या मांडीवर कुणाला तरी हाका मारतोय, आणि त्याला जाग येत नाही, हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की बाईचं चित्र काढायचं झालं तर मी तेच काढीन.

विसराळूपणा मात्र हिच्याइतका दुसऱ्या कुणात पाहिला नाही. दरवर्षी चालवणारे बदलतात. ज्याला जनरेटर कुठं ठेवावा हे यंदा कळलं तो पुढच्या वर्षी अमेरिकेत, नाहीतर बंगळुरूच्या एखाद्या काचेच्या इमारतीत. मागं एक फाइल, थोडे फोन नंबर, बस्स. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. लोक मला कौतुकानं सांगतात, ‘विद्यार्थ्यांनी चालवलेला एवढा मोठा उत्सव!’ मी मान डोलावतो. पण या बाईची स्मरणशक्ती विद्यार्थ्यांकडे नाही. ती मेसमधल्या माणसांकडे आहे, माळ्यांकडे, गेटवरच्या पहारेकऱ्यांकडे आणि सगळ्यात जास्त वायरमनकडे.

एका वर्षी ध्वनियोजनेवाल्या मित्राबरोबर मी हमालीला गेलो होतो. दुपारची वेळ. रंगमंचाच्या मागं केबलींचं वारूळ. दोन पोरं आराखडा पसरून भार मोजत होती, आणि बरोबर मोजत होती. पन्नाशीचा एक वायरमन बाजूला पान लावत बसलेला. पोरांचं झाल्यावर तो उठला, बोर्डाजवळ गेला, नुसता हात लावून पाहिला आणि म्हणाला, ‘हितनं लाइटं घ्या. आवाजाचं तिकडनं घ्या. दोन्ही एकात घेतलं तर गाण्यात घूं येतंय.’ पोरांनी विचारलं, ‘काका, कशावरून?’ ‘येतंय म्हंजे येतंय.’ पोरांनी आराखडा बदलला. त्या संध्याकाळी आवाज स्वच्छ होता. पाठीमागच्या मोठ्या पडद्यावर शंभरेक नावं सरकली, त्यात या वायरमनचं नाव नव्हतं. मला वाटतं त्याला ते नकोच असावं. त्याला दुसऱ्या दिवशीचं पान लावायचं होतं.

माझी तिची पहिली भेट मात्र फजितीची. आमचं कॉलेज सुगम गायनाच्या स्पर्धेत उतरलं होतं आणि मी तबल्याला. गाणारी मुलगी काळी चारची. तबला सकाळी दादरला मित्राच्या घरी हातोडी घेऊन असा लावला होता की नुसता वाजवून पाहिला तरी मित्राची आई स्वयंपाकघरातून ‘वा’ म्हणाली. मग मी तो लोकलमध्ये दाराशी धरून आणला, वारं खात, आणि पोहोचल्यावर झाडाखाली गवतावर ठेवून चहाला गेलो. परत येईस्तोवर संध्याकाळ झाली होती. पुडीनं ओल खाल्ली. आम्हाला आठ मिनिटं होती. रंगमंचावर बसून पहिली थाप मारली, तर तबला चांगला सुरभर उतरलेला. काढली हातोडी. गजऱ्यावर ठोकतोय, एक घर चढतं, दुसरं रुसतं. समोर माइक उघडा. ठाक, ठाक, ठाक, सगळं सभागृहभर. प्रेक्षक जेमतेम चाळीस, त्यातले अर्धे पुढच्या गाणाऱ्याचे मित्र. तीन मिनिटं गेल्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्यांनी. गाणारी मुलगी आमच्याशी पुढं चार महिने बोलली नाही. तिचं बरोबर होतं.

तरी त्या सभागृहात मला जे मिळालं ते पुढं कधी मोठ्या रात्रींत मिळालं नाही. आमच्यानंतर एक मुलगा आला, इंदूर की भोपाळचा, चपला दाराशी काढून, शर्टाची बटणं चुकीची लागलेली, आणि असा गायला की परीक्षकांनी पेनं खाली ठेवली. त्याचं नाव मी विचारलं नाही. हे या बाईचं खरं रूप. दुपारी तीन वाजता, रिकाम्या खुर्च्यांसमोर, कुठल्यातरी खोलीत कुणीतरी जीव तोडून गातंय, आणि शेजारच्या खोलीत सहा जण नाटकाचे संवाद पाठ करतायत.

रात्री ती वेगळी असते. मोठ्या नावांच्या रात्रीला ओपन एअर थिएटरच्या पायऱ्या दिसेनाशा होतात. त्या रात्रींना नावं ठेवायला माझी हरकत नाही, पण एका रात्रीपुरता मी गप्प बसतो. 2009 साली पॉर्क्युपाइन ट्री हा ब्रिटिश बँड इथं वाजवून गेला. त्याला ऐकायला पोरं दूरदूरच्या गावांहून रेल्वेनं आली होती, काही तर विनाआरक्षण. पुढच्या वर्षानंतर तो बँड अकरा वर्षं गप्प झाला. त्या रात्री पायऱ्यांवर बसलेले लोक अजून भेटले की आधी तो कार्यक्रम सांगतात, मग बायको-मुलांची चौकशी करतात. एरवीच्या मोठ्या रात्री मला सारख्याच वाटतात. सिनेमातलं गाणं, हात वर करा, मोबाइलचा दिवा लावा. लग्नाच्या वरातीला तिकीट लावल्यासारखं.

आणि दहा वाजले की संपलं. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा लावू देत नाहीत. सरकारला वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, आणि ते दिवस आपल्याकडे बरेचसे गणपती-नवरात्रीत वाटले जातात. पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाच्याही रात्री याच नियमांनी आखडल्या. पहाटेचे राग आता बहुधा सीडीवरच. जुने लोक सांगतात की पूर्वी ही बाई उजाडेपर्यंत जागायची, तळ्यावर धुकं असायचं आणि कुणीतरी गिटार तसंच वाजवत बसायचं. आता पावणेदहाला गायक घड्याळाकडं बघतो. शेजाऱ्यांच्या बाजूनं विचार केला तर बरंच आहे. मीही कुणाचा तरी शेजारी आहे.

एक तक्रार मात्र मी दरवर्षी करतो. बाई राहते पवईत. तिची भांडी घासणारे, तिच्या तारा ओढणारे, तिला गेटवर अडवणारे मराठी बोलतात. पण स्टेजवर मराठी आलीच तर एखाद्या पथनाट्यात नाहीतर ढोल-ताशाच्या पथकात. आठ-दहा राज्यांतून आलेल्या पोरांपुढं मराठी रॉक वाजवायला काय हरकत आहे? वाजवणारी पोरं आहेत. त्यांना बोलवायला कुणीतरी चार फोन करावे लागतील एवढंच. ‘काका, तुम्ही नंबर पाठवा ना,’ असं मला एका कोऑर्डिनेटरनं फार अदबीनं सांगितलं. मी पाठवले. तोवर त्याचं वर्ष संपलं होतं.

चार दिवस झाले की ती निघते, आणि निघताना फ्लेक्स मागे ठेवते. तिची ही सवय मला आवडते. बांबू उतरवणारे ते फ्लेक्स नीट घडी घालून नेतात. एका जूनमध्ये, पाऊस धरायच्या दिवसांत, रिक्षा पवईच्या चढावर अडकली तेव्हा वरच्या छपरांकडं माझं लक्ष गेलं. एका पत्र्यावर, चार कोपऱ्यांना विटा ठेवून, डिसेंबरातला एक गिटारवाला उताणा पसरलेला होता. त्याचं तोंड उघडं, डोळे मिटलेले, तार खेचलेली, आणि गळ्यावर एक पपईचं रोप टेकलेलं.

या डिसेंबरात जायचं असेल तर आधी नोंदणी करा आणि ओळखपत्र बरोबर ठेवा. रात्रीचा मोह सोडा, दुपारी जा. परतीला रिक्षा मिळेल असं धरून चालू नका. कांजूरमार्ग स्टेशन चालत अर्ध्या-पाऊण तासावर आहे. एखाद्या छोट्या खोलीत कुणी पोरगा माइकसमोर तबला लावत बसला असेल, तर कृपा करून टाळ्या वाजवू नका.