मुद्दा संपेपर्यंत

सरकारी वाहिनी म्हणजे सरकारचा भोंगा, आणि वर रटाळ. हे माझं मत इतकं मुरलेलं होतं की ते कधी तपासून बघावं असं वाटलंच नाही. दादरच्या आमच्या घरात ‘आमची माती, आमची माणसं’ लागलं की आम्ही टीव्हीसमोरून उठायचो. सुट्टीत निफाडला मामाकडे गेलो की मामा मात्र तोच कार्यक्रम लावून बसायचा. द्राक्षावरच्या भुरीचा विषय निघाला की औषधाचं प्रमाण कालनिर्णयच्या पाठीमागे पेन्सिलीनं टिपून घ्यायचा. आम्ही भाचरं निवेदकाची नक्कल करून खिदळायचो. ‘हळू रे,’ एवढंच तो म्हणायचा.

पुढे केबल आली, वृत्तवाहिन्या आल्या आणि रात्री नऊची चर्चा मला जेवणातल्या लोणच्यासारखी लागायला लागली. आठ चौकटींत आठ तोंडं, सगळी एकाच वेळी उघडी. ही खरी लोकशाही, असं मी समजत होतो. निवेदकानं एखाद्या प्रवक्त्याला गप्प केलं की ‘बरी जिरली’ म्हणायचो.

२०१४ मध्ये राज्यसभा टीव्हीवर श्याम बेनेगलांची ‘संविधान’ ही घटना समितीवरची दहा भागांची मालिका आली. बाबासाहेबांच्या भूमिकेत सचिन खेडेकर आहेत, एवढ्याच कुतूहलानं लावली. एका ठिकाणी जमीनदारीचा वाद निघाला. जमीन घेताना भरपाई द्यायची का, किती द्यायची? माझं उत्तर तयार होतं: कसेल त्याची जमीन, विषय संपला. भरपाईची बाजू मांडणारा बोलायला लागला आणि मी वाट बघू लागलो, आता याला कोणीतरी झापेल. कोणी झापेना. तो बोलतोय, बाकीचे ऐकतायत. माझा अंगठा रिमोटवर गेला. चीड यायला लागली होती, पण नेमकी कशाची? त्याचा मुद्दा थोडाफार पटतोय याची? नाही. त्याला कोणी गप्प करत नाही याची. मला उत्तर नकोच होतं, मला त्याची जिरलेली बघायची होती. हे स्वतःशी कबूल करताना लाज वाटली.

जेवताना बायकोला तो वाद सांगायला लागलो, तर दोन्ही बाजू सांगता आल्या. तिनं सहज विचारलं, ‘आणि काल रात्री तुझी ती आरडाओरड कशावर चालली होती?’ निवेदकाचं जॅकेट आठवलं, विषय काही आठवेना. मामाला त्या ‘रटाळ’ कार्यक्रमातून निदान भुरीचं औषध तरी मिळत होतं.

मग घटना समितीच्या चर्चांचे छापील खंड उघडले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी ज्यांनी सतत हरकती घेतल्या त्यांचे आभार मानले आहेत: कामत, आपले विदर्भातले पंजाबराव देशमुख, के. टी. शहा, हृदयनाथ कुंझरू. तुमच्या सूचना मी स्वीकारल्या नाहीत, पण तुमच्यामुळेच मला घटनेमागची तत्त्वं उलगडून सांगता आली, असा त्याचा आशय. नऊच्या चर्चेत असे आभार मी आजवर ऐकलेले नाहीत.

दूरदर्शनच्या बातम्यांबद्दलचा माझा संशय मात्र कायम आहे. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, तो अमलात यायला १९९७ उजाडलं, आणि पैशासाठी अजून सरकारकडेच बघावं लागतं. राज्यसभा टीव्हीही २०२१ मध्ये लोकसभा टीव्हीबरोबर एकत्र होऊन संसद टीव्ही झाली. पण डोक्यावर टीआरपीची टांगती तलवार नसेल तर एका मुद्द्याला तासभर देता येतो, ही साधी गोष्ट मी कधी लक्षातच घेतली नव्हती.

आता नऊला टीव्ही बंद असतो. एखाद्या विधेयकावरची चर्चा संसद टीव्हीवर सलग ऐकतो. तिथंही गोंधळ होतो, कामकाज तहकूब होतं, मला कंटाळाही येतो. निवडणूक निकालाच्या दिवशी मात्र सकाळपासून त्या आठ चौकटींसमोर बसलेला असतो, आणि दुपारपर्यंत दोघांतिघांची जिरली म्हणून खूशही होतो.