जोडण्यापूर्वीची जुळणी

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे वीज ग्रीड उर्वरित भारताच्या ग्रीडशी एकतालात जोडले गेले. त्यापूर्वीही दक्षिणेशी विजेची देवघेव होतीच. परंतु चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीसारख्या केंद्रात ती आधी डीसी प्रवाहात बदलून मगच पलीकडे दिली जाई. व्यवहार होता, चूल मात्र वेगळी होती.

आमच्या नात्यातील दोन चुलतभावांच्या पेढ्याही अशाच वेगळ्या आहेत. त्यांच्या वडिलांच्या हयातीतच वाटणी झाली. आता येत्या दिवाळीच्या वहीपूजनाला एकच वही मांडावी, असे दोघांच्याही मनात आले आहे. माझे आयुष्य बँकेत गेले म्हणून त्यांनी माझे मत विचारले, आणि मला हे ग्रीड आठवले.

चालू ग्रीडला नवे जनित्र जोडताना चार गोष्टी पाहतात: व्होल्टेज समान हवे, वारंवारता, म्हणजे आपल्याकडे सेकंदाला ५० आवर्तने, जुळायला हवी, तिन्ही फेजांचा क्रम एक हवा आणि लाटांचे चढउतार एकाच क्षणी यायला हवेत. सिंक्रोस्कोपचा काटा सावकाश फिरत बाराच्या खुणेजवळ आला की स्विच बंद करतात. घाई केली तर प्रचंड प्रवाह उसळतो आणि यंत्राच्या दांड्याला हिसका बसतो. शिवाय येणारे जनित्र किंचित अधिक वेगात ठेवतात, म्हणजे जोडले जाताच ते भार उचलते. मंद असेल तर स्वतःच इतरांवर भार होते.

पेढ्यांचेही तसेच आहे. पत, उधारीची मुदत, निर्णय कोणी कोणाला विचारून घ्यायचा याचा क्रम आणि खरेदी-विक्रीची वेळ ही जुळणी आधी हवी. भागीदारीचे कर्जप्रस्ताव तपासताना मी पाहिले आहे, की मोडलेल्या बहुतेक भागीदाऱ्यांत नफा कमी नव्हता, जुळणी कमी होती.

जोडलेपणाचे बळ मोठे आहे. एक जनित्र बंद पडले की उरलेली सारी मिळून त्याचा भार वाटून घेतात. पण जोखीमही सामायिक होते. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व व ईशान्य भागांची ग्रीड एकापाठोपाठ कोसळली आणि सुमारे ६० कोटी लोकांची वीज गेली. म्हणूनच दोष असलेला भाग वेळीच वेगळा करणारे रिले जोडणीइतकेच आवश्यक असतात.

मी दोघांना सांगितले: संवत्सरीला एकमेकांची क्षमा मागा, पण वही लगेच एक करू नका. एक वर्ष दोन्ही पेढ्यांचा हिशेब एकाच पद्धतीने ठेवा, उधारीचे नियम एक करा आणि मतभेद झाल्यास काय करायचे ते कागदावर लिहा. आणि प्रत्येकाने दुसऱ्याचा भार उचलण्याच्या तयारीने यावे. एवढे जुळले तर पुढील दिवाळीला वहीवर ‘श्री’ लिहायला मी स्वतः येईन.